उसना मऊपणा

जून उजाडला की भाईंदरच्या हवेला वजन येतं. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, मधे मिठागरांचे सपाट पट्टे. या सगळ्याचा ओलावा न विचारता घरात शिरतो. बरणीतल्या खड्याच्या मिठाला पाणी सुटतं, कारण त्यातलं मॅग्नेशियम क्लोराईड हवेतली वाफ ओढून घेतं. मिठागरांवर पिढ्यान् पिढ्या राबलेल्या इथल्या आगरी घरांना हे नाव ठाऊक असण्याची गरज पडली नाही. पाऊस यायच्या आत रास झाकायची, एवढं पक्कं ठाऊक होतं.

याच दिवसांत सुतारांच्या, स्लायडिंग खिडक्या बसवणाऱ्यांच्या, एसीवाल्यांच्या पिशव्यांतही काहीतरी घडत असतं. बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिल मशीनला हौसेनं चढवलेलं रबरी कव्हर हळूहळू चिकट होतं. आधी फक्त बोट किंचित रेंगाळतं, मग लाकडाचा भुसा त्यावर बसतो आणि झटकून जात नाही. पुढे कधीतरी कव्हर ओढून काढलं तर खाली मशीनच्या अंगावर डिंकासारखा काळपट थर राहिलेला असतो.

आमच्या स्वयंपाकघराचं काम करायला आलेल्या मिस्त्रींच्या मशीनची हीच अवस्था होती. पांढऱ्या सनमायकावर काळी बोटं उमटली आणि ते ओशाळले. “ताई, हात धुऊनच धरलंय हो. माझ्या हाताला घाम फार, त्यानं होतं बहुतेक.” त्यांच्या त्या ओशाळण्यानं मला फार वाईट वाटलं. हप्त्यानं घेतलेलं मशीन, ते पडू नये, फुटू नये म्हणून वर आणखी पैसे घालून घेतलेलं कव्हर, आणि शेवटी दोष स्वतःच्या घामाला! हाताच्या घामाचा, तेलकटपणाचा त्यात थोडा वाटा असेलही. पण मुळातलं कारण त्या कव्हरच्या पोटातच असतं.

बाजारात ‘रबर’ म्हणून मिळणारं सगळंच रबर नसतं. पुष्कळदा ते मऊ केलेलं पीव्हीसी असतं. पीव्हीसी जातीनं कडक. पाण्याचे पाइप त्याचेच. त्याला हाताला लागेल असा मऊपणा द्यायचा तर त्यात तेलासारखी द्रव्यं मिसळावी लागतात. ती त्या पदार्थाशी रासायनिक बंधनानं जोडलेली नसतात, त्याच्या रेणूंच्या मधल्या जागेत नुसती वस्तीला असतात. उन्हानं तापलेल्या गाडीच्या डिकीत, लोकलच्या गर्दीत चेंगरलेल्या पिशवीत ती वस्ती सोडू लागतात. बाहेर पडली की कव्हरच्या पृष्ठभागावर येतात. शेजारी एबीएससारखं प्लास्टिक असेल तर त्याच्यात मुरतात आणि त्यालाही मऊ करतात. म्हणून कव्हर फेकून दिलं तरी डाग मशीनवर राहतो.

काही मुठींवर मखमलीसारखा हाताला गोड लागणारा लेप असतो, तो पॉलियुरेथेनचा. त्याची गोष्ट निराळी. पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनमधले दुवे हवेतल्या पाण्यानं तुटतात. तुटताना आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढचे दुवे आणखी वेगानं तोडतं. मशीन वापरलं नाही, कपाटात जपून ठेवलं, तरी हे चालूच राहतं. आपल्या किनाऱ्यावर, जिथे पावसाळ्यात भिंतीसुद्धा घामेजतात, तिथे असा लेप लवकर थकणारच. आणि खरंखुरं झाडाच्या चिकाचं रबर असेल तर ऊष्मा आणि प्राणवायू त्याच्या लांब साखळ्या तोडतात. तांब्याचा अंश लागला तर हे अधिक झपाट्यानं होतं. मशीनचं ग्रीस लागलं की असं रबर फुगतं ते वेगळंच.

हे दुखणं जुनं आहे. चार्ल्स मॅकिंटॉशनं 1823 साली दोन कापडांच्या मधे रबराचा थर घालून पाणी न शिरणारं कापड केलं, तेव्हा ते उन्हाळ्यात चिकटायचं आणि थंडीत ताठ व्हायचं. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता यांचा मेळ सापडला आणि रबराला टिकाऊपणा आला. टिकाऊपणा आला, अमरत्व नाही.

चंद्रावर गेलेल्या वस्तूही यातून सुटलेल्या नाहीत. अपोलोचे अंतराळपोशाख आज अमेरिकेत संग्रहालयात आहेत. त्यांतल्या पीव्हीसीच्या नळ्यांमधून तीच मऊ करणारी द्रव्यं पाझरली, चिकट तपकिरी डाग पडले. जगातले निष्णात जतनकार ज्या झिरपण्याशी झगडतात, तेच भाईंदरच्या मिस्त्रींच्या पिशवीत चाललेलं असतं, हे कळल्यावर मला त्यांच्या घामाचं निर्दोषपण आणखी ठामपणे सांगावंसं वाटलं. ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी कव्हर हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, “मग काय करायचं?”

करता येण्यासारखं थोडंच आहे, पण आहे. बॅटरी काढून ठेवायची. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाच्या बोळ्यावर घ्यायचं, आधी कोपऱ्यात लावून पाहायचं आणि मग थर पुसत जायचं; मोटरच्या फटींत ओघळू द्यायचं नाही. थिनर मुळीच नको, तो बॉडीचं प्लास्टिकच खातो. टाल्कम पावडर चोळली की दोन-चार दिवस बरं वाटतं, पण चिकटा आतून पुन्हा वर येतो. खरं पथ्य म्हणजे काम संपलं की कव्हर उतरवायचं. संरक्षण पडण्या-आपटण्यापासून हवं असतं. रात्रभर मशीनला बिलगून राहण्याची त्याला गरज नाही. नवं घ्यायचं तर सिलिकोनचं बघावं. त्याचा मऊपणा बहुधा त्याच्या स्वतःच्या घडणीतला असतो, बाहेरून घातलेल्या तेलाचा नसतो.

पण सगळं पथ्य काम करणाऱ्यानंच का पाळायचं? भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत स्टीलची भांडी घडवणारे कारागीर पत्रा हातात घेताच जाडी सांगतील. कव्हर विकत घेणाऱ्या माणसाला मात्र आपण काय घेतो आहोत हे समजायला काही मार्ग नाही. मशीनच्या डब्यावर व्होल्ट असतात, वजन असतं, वॉरंटी असते. कव्हरच्या पाकिटावर चकचकीत फोटो आणि किंमत. ते कशाचं बनलंय, कोणत्या महिन्यात बनलंय आणि दमट हवेत किती काळ टिकेल, या तीन ओळी छापायला त्या पाकिटावर भरपूर जागा आहे.