पऱ्हाटीचा कोळसा आणि हातपंपाचं पाणी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात, शाळेजवळच्या हातपंपाचं पाणी मी पाच लिटरच्या प्लास्टिक कॅनमध्ये भरून घेत होते. फेब्रुवारी 2015 मधली गोष्ट. फ्लोराइडच्या नमुन्यांना काचेची बाटली चालत नाही, हे पीएचडीच्या पहिल्याच महिन्यात शिकले होते. नळीत साचलेलं जुनं पाणी निघून जावं म्हणून पाचेक मिनिटं नुसताच पंप हापसला. मागे घागर घेऊन उभ्या असलेल्या आजींना ते वाया जाणारं पाणी बघवेना. काय करतेस, म्हणून विचारलं, तेव्हा मी त्यांना फ्लोराइड, दात आणि हाडं असं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "थे सारं ठीक हाय माय. हे पानी प्याव का नाई, येवढं सांग."

"महिनाभरात सांगते, आजी," मी म्हणाले.

तेव्हा मला खात्री होती. विद्यापीठाच्या उपयोजित रसायनशास्त्र विभागात माझं दुसरं वर्ष संपत आलं होतं आणि माझं काम फार छान चाललं होतं. विदर्भात कापसाची वेचणी संपली की पऱ्हाटीचे ढीग बांधावर पडतात. कुणी चुलीत घालतं, कुणी शेतातच जाळून टाकतं. ती पऱ्हाटी धुऊन, वाळवून, बारीक तोडून बंद मुशीत घालायची, मफल फर्नेसमध्ये तिचा कोळसा करायचा, तो ॲल्युमिनियमच्या क्षाराच्या द्रावणात भिजवायचा आणि हळूहळू अल्कली सोडत त्याच्यावर हायड्रॉक्साइडचा थर बसवायचा. हा थर पाण्यातलं फ्लोराइड धरून ठेवतो. हे तत्त्व माझं नव्हतं. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची 'नलगोंडा' पद्धत नागपूरच्याच 'नीरी' या राष्ट्रीय संस्थेने 1970 च्या दशकात विकसित केली होती. मला तेच काम गावातल्या फुकट कोळशावर, घरच्या माठात करून दाखवायचं होतं.

डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडियम फ्लोराइड विरघळवून केलेल्या द्रावणातलं नव्वद टक्क्यांहून जास्त फ्लोराइड माझा कोळसा दोन तासांत ओढून घेत असे. आलेख सुरेख यायचे. लँगम्यूरच्या समीकरणात आकडे टाकले की बिंदू जणू दोरी ताणल्यासारखे सरळ रेषेत बसायचे. हे समीकरण 1918 सालचं. काच, अभ्रक आणि प्लॅटिनम यांच्या सपाट पृष्ठभागावर वायू कसे चिकटतात, याचा विचार करताना लँगम्यूरने ते मांडलं. पऱ्हाटीचा कोळसा सपाट नसतो, एकसारखा तर मुळीच नसतो. तरी या विषयातला जवळजवळ प्रत्येक शोधनिबंध ते समीकरण वापरतो, आणि मीही वापरलं.

गावाहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी फ्लास्क लावले. एका बाजूला माझं नेहमीचं द्रावण, दुसऱ्या बाजूला हातपंपाचं पाणी. दोन्हींत फ्लोराइड साधारण सारखंच, लिटरला साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास. भारतीय मानक 1 मिलिग्रॅम सांगतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर फार तर 1.5. दोन तासांनी गाळलं, इलेक्ट्रोड बुडवला. नेहमीच्या द्रावणात फ्लोराइड जवळजवळ उरलंच नव्हतं. हातपंपाच्या पाण्यातलं मात्र निम्मंसुद्धा गेलं नव्हतं.

माझ्याकडून चूक झाली असणार, असं मी धरून चालले. पुन्हा केलं, कोळसा बदलला, बफर नव्याने बनवला. आठवडाभर तेच उत्तर येत राहिलं, तेव्हा ते पाणीच नीट तपासायला घेतलं. त्याचा पीएच 8.4 होता आणि त्यात बायकार्बोनेट भरपूर, कॅल्शियम अगदी कमी. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. जमिनीखालच्या पाण्यात कॅल्शियम असतं, तेव्हा ते फ्लोराइडला बांधून ठेवतं, कारण कॅल्शियम फ्लोराइड फारसं विरघळत नाही. कॅल्शियम कमी आणि बायकार्बोनेट जास्त असलेल्या पाण्यात फ्लोराइड वाढतं. म्हणजे ज्या गुणांमुळे ते पाणी वाईट झालं होतं, तेच गुण माझ्या कोळशाला निकामी करत होते. पीएच चढला की ॲल्युमिनियमच्या थरावरचा धन भार उतरतो, आणि उरलेल्या जागांसाठी बायकार्बोनेटही फ्लोराइडशी झगडतं. मी दोन वर्षं अशा पाण्याचा अभ्यास करत होते, जे कुठल्याच गावात कुणी पीत नाही.

माझ्या मार्गदर्शक सरांना निकाल दाखवला. बराच वेळ ते वही चाळत बसले. म्हणाले, "डिस्टिल्ड वॉटरचे निकाल आधी छापून घे. प्रबंध द्यायचाय ना?" त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. किमान एक शोधनिबंध छापून आल्याशिवाय प्रबंध सादर करता येत नसे. विद्यापीठ अनुदान आयोगाने ही सक्ती काढली ती 2022 मध्ये. सरांच्या बढतीचे गुणही शोधनिबंध मोजूनच ठरायचे. पीएच कमी केल्यास कोळसा चालतो, असं एक वाक्य शेवटी घालून तो निबंध आम्ही पाठवला आणि तो छापूनही आला. घराघरात रोज पाण्यात आम्ल घालून पीएच उतरवणार कोण, हे मला कुणीही विचारलं नाही. अशा निकालांना आमच्याकडे प्रगती म्हणतात, आणि याची मला आजही मनापासून खंत वाटते.

पुढचं दीड वर्ष मी खऱ्या पाण्याशी झुंजण्यात घालवलं. थर जाड केला तर ॲल्युमिनियम सुटून पाण्यात यायचं. त्याचीही मर्यादा असते, लिटरला 0.03 मिलिग्रॅम, आणि सवलतीची 0.2. एक दुखणं काढून दुसरं देणं मला मंजूर नव्हतं. पृष्ठभागाच्या मोजणीसाठी नमुने दुसऱ्या संस्थेकडे पाठवायचे आणि रांगेत थांबायचं. माझी अधिछात्रवृत्ती आठ-आठ महिने यायची नाही आणि मग एकदम यायची. विभागात निम्म्या जागा रिकाम्या, शिकवायला तासिका तत्त्वावरचे सहकारी. त्यांतले दोघे माझ्याहून चांगले संशोधक होते, पण महिन्याचा हिशेब जुळवण्यातच त्यांचा दिवस जायचा. प्रकल्पाचा निधी फेब्रुवारीत हाती पडायचा आणि 31 मार्चच्या आत तीन कोटेशनं मागवून खर्च करावा लागायचा. फ्लोराइडचा इलेक्ट्रोड, ज्याच्या टोकाला लँथॅनम फ्लोराइडचा स्फटिक असतो, तो ऑगस्टमध्ये बिघडला. नवा आला पुढच्या एप्रिलमध्ये.

हा एप्रिल विदर्भातला. प्रयोगशाळेत एसी नाही, दुपारी तापमान चाळिशीपार. फ्लोराइडच्या दहापट फरकाला पंचवीस अंशांवर 59 मिलिव्होल्ट दाखवणारा इलेक्ट्रोड चाळीस अंशांवर 62 दाखवतो. म्हणून मी पहाटे साडेपाचला येऊन मोजायची, दर वेळी नव्याने अंशांकन करून. आमचे प्रयोगशाळा परिचर माझ्यासाठी त्याआधी कुलूप उघडायला येत. त्यांची कामाची वेळ सकाळी दहाची होती.

अशाच एका पहाटे, कोळशाला कंटाळून, मी वेगळंच काम काढलं. त्या गावात जाईन त्या वेळी मी जिथून मिळेल तिथून पाणी आणलं होतं: चार हातपंप, दोन शेतातल्या बोअरवेल, आणि देवळामागची एक जुनी विहीर. हातपंप आल्यापासून ती पडूनच होती. त्यात पालापाचोळा, कबुतरं, प्लास्टिक. तो नमुना केवळ यादी पूर्ण व्हावी म्हणून आणला होता. इलेक्ट्रोड स्थिरावला आणि आकडा निघाला 0.7. मी तीनदा मोजला.

उथळ विहिरीचं पाणी पावसाचं, नवं असतं. बोअरवेलचं पाणी खडकात वर्षानुवर्षं मुरलेलं, म्हणून त्यात फ्लोराइड जास्त असण्याचा संभव मोठा. हे पाठ्यपुस्तकातलं ज्ञान आहे. तीन वर्षं ते माझ्या कपाटात होतं, आणि मी त्या विहिरीचा विचारही केला नव्हता. पिण्याच्या पाण्याच्या प्रश्नाचा मी कोळशाचा प्रश्न करून ठेवला होता.

महिनाभरात सांगते म्हटलं होतं. आजींसमोर उभी राहिले ती दोन वर्षांनी. "हातपंपाचं पाणी धुण्याभांड्याला वापरा. पिण्याला अन् भाताला विहिरीचं घ्या, पण आधी गाळ काढून, क्लोरीन घालून," मी म्हणाले. आजी म्हणाल्या, "थ्या विहिरीचं तं आमी लगीन होऊन आलो तवापासून पेत होतो." ग्रामसेवक आणि शाळेतले मास्तर पुढे आले, गाळ काढला, जाळी बसली. नवं काही शोधून काढलं नव्हतं, त्यामुळे त्यावर शोधनिबंध होण्यासारखं काही नव्हतं. तरी सर न बोलता गाडी काढून आले आणि दिवसभर उन्हात उभे राहिले.

प्रबंधात मी हातपंपाच्या पाण्याचं एक स्वतंत्र प्रकरण घातलं: कोळसा कुठे हरला, किती हरला, का हरला. बाहेरच्या परीक्षकांनी मौखिक परीक्षेत सगळ्यात जास्त वेळ त्याच प्रकरणावर घेतला. ते मी पुढे शोधपत्रिकांकडेही पाठवलं; दोन ठिकाणांहून परत आलं.

आता मी दुसऱ्या एका महाविद्यालयात उपयोजित विज्ञान शिकवते. माझ्याकडे दोन मुली पीएचडी करतात. एकीचं काम फ्लोराइडवर आहे, आणि तिला पहिल्या दिवसापासून डिस्टिल्ड वॉटरबरोबर गावचं पाणीही शेकरवर लावायला सांगितलं आहे. तिचे आलेख वेडेवाकडे येतात. निबंध लांबतोय, म्हणून ती काळजीत असते. मलाही तिची काळजी वाटते. तिला नोकरी देणारी समिती हे आलेख बघणार नाही, यादी मोजणार आहे.

विहिरीचं पाणी आम्ही वर्षातून दोनदा मोजतो, पावसाळा संपल्यावर आणि मे महिन्यात. ऑक्टोबरात आकडा 0.6, 0.7 असा असतो. उन्हाळ्यात पाणी खोल जातं तसा तो चढतो. गेल्या मेमध्ये तो 1.2 आला. माझ्या विद्यार्थिनीने मोबाइलवर आकडा पाठवला, खाली विचारलं होतं, "मॅडम, गावात काय सांगू?" मी पुढच्या बसने निघाले.