आवाज न करणारा कीबोर्ड



मिक्सर घेताना आपण दुकानात चालवून बघतो, कुकरचं झाकण दोनदा लावून बघतो. कीबोर्ड मात्र संगणकाबरोबर येईल तो वापरतो. घरून काम करणाऱ्या बाईच्या हाताखाली तो दिवसाचे पाच-सहा तास असतो आणि त्याची टकटक सगळ्या घराच्या कानावर असते.

मी एका छापखान्यासाठी मराठी मजकूर टाइप करते. पहाटेची वेळ शांत, म्हणून काम तेव्हाच. सासूबाई त्याच वेळी हॉलमध्ये सामायिकाला बसतात. दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं. तक्रार त्यांनी कधीच केली नाही, पण गेल्या चातुर्मासात आपलं आसन मागच्या खोलीत नेलं. तिथे ना वारा, ना उजेड. विचारलं तर म्हणाल्या, "तुझं चालू दे गं, मला कुठंही बसता येतं." माझं टेबल हलवायला घरात दुसरी जागा नव्हती. मग कीबोर्डच बदलायचं ठरवलं.

कीबोर्ड मुख्यतः तीन प्रकारचे. रबरी पापुद्र्याचा, स्वस्त आणि बऱ्यापैकी शांत, पण काही वर्षांनी रबर निबर होतं आणि कळ जोरात दाबावी लागते. लॅपटॉपसारखा कात्री-पद्धतीचा, कळा चपट्या आणि आवाज कमी, पण आतली बारीक पकड मोडली की दुरुस्ती अवघड. तिसरा मेकॅनिकल. त्यात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंग आणि खटका असतो.

मेकॅनिकल म्हणजे गोंगाट, असं मलाही सांगितलं गेलं. ते निळ्या खटक्यांबाबत खरं आहे, कारण 'टिक' वाजावं म्हणूनच ते तसे केलेले असतात. लाल खटका सरळ खाली जातो, टिक करत नाही. आणि 'सायलेंट रेड' प्रकारात कळ खाली टेकताना व वर येताना आदळू नये म्हणून आत मऊ गादी असते. मी तोच घेतला. रबरी कीबोर्डपेक्षा बराच महाग, पण एखादा खटका बिघडला तर तेवढाच बदलता येईल असा बघून घेतला. पुन्हा पुन्हा वस्तू घेऊन जुनी फेकण्यापेक्षा एकदाच नीट घेणं, हाही परिग्रह कमी ठेवण्याचाच भाग आहे.

टिकाऊपणाच्या आकड्यांना भुलू नका. रबरी कीबोर्डसाठी कंपन्या बहुधा ५० लाख ते १ कोटी दाब सांगतात, चांगल्या मेकॅनिकलसाठी ५ कोटी किंवा जास्त. एक कळ रोज २,००० वेळा दाबली तरी वर्षाच्या ३०० दिवसांत ६ लाख होतात. म्हणजे ५० लाखांनाही आठ वर्षं लागतील. कीबोर्ड मरतो तो सांडलेल्या चहाने, धुळीने आणि पुसलेल्या अक्षरांनी. म्हणून अक्षर वरून छापलेलं नसून कळीच्या प्लास्टिकमध्येच ओतलेलं आहे का, ते विचारा. इनस्क्रिप्ट शिकलात तर मराठी स्टिकरही लागत नाहीत. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. बोटांना लवकर सवय होते.

दुकानात स्पेस बार आणि एंटर दाबून बघा. लांब कळाच जास्त खडखडतात. घरी कीबोर्डखाली जाड सुती कापडाची घडी घाला, टेबलाचा घुमणारा आवाज बराच कमी होतो. वायरचा घेतलात तर बॅटरी बदलायची कटकटही नाही.

नवा कीबोर्ड आल्यावर सासूबाईंना मुद्दाम काही बोलले नाही. आठवड्याभरात आसन आपोआप हॉलमधल्या खिडकीपाशी आलं.

आता एवढंच पाळते, की टेबलावर खाणं नाही. फरसाणाचा एक कण कळांमध्ये गेला तरी मुंग्या येतात. दर रविवारी वायर काढून आधी उजेडात नीट बघते. जीव दिसला तर कीबोर्ड बाजूला सावलीत ठेवून त्याला जाऊ देते. मग उलटा धरून हलकेच थोपटते आणि मऊ ब्रशने झाडते. आपण धान्य निवडतो, पाणी गाळतो, तसंच हेही. यत्नाचार काही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी संपत नाही.