एकट्याचं पोट महाग पडतं

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांच्या गल्लीत दुपारी अकराच्या सुमाराला फोडणीचा वास येईनासा झाला, की समजावं आणखी एक घरगुती मेस बंद पडली. परवा अशीच एक बंद झाल्याचं कळलं, आणि मनात पहिलं नाव आलं ते लक्ष्मीबाई पाटलांचं. साताऱ्याच्या बोर्डिंगातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून कर्मवीर भाऊरावांच्या या पत्नीने अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही विकलं. ही आठवण माझ्या एकट्याची नाही. मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांना ती वारशाने मिळते. पण तिच्यातला त्याग आपण उचलतो आणि हिशेब विसरतो. त्या पैशातून सगळ्या मुलांसाठी एकत्र धान्य आलं, म्हणून ते पुरलं. विद्यार्थ्याला स्वस्तात चांगलं जेवता येतं ते चूल सामाईक असली तर. एकट्याने केलेली काटकसर शेवटी पोटावरच येते.

हे आकड्यांतही दिसतं. साठ किलो वजनाच्या मुलाला किंवा मुलीला दिवसाला साधारण 50 ग्रॅम प्रथिनं लागतात. अडीचशे ग्रॅम ज्वारी किंवा गहू, पाऊणशे ग्रॅम डाळ किंवा कडधान्य आणि मूठभर शेंगदाणे एवढ्यात ती जवळजवळ पूर्ण होतात. धान्यात जे कमी असतं ते डाळ भरून काढते आणि डाळीतली उणीव धान्य भागवतं, म्हणून भाकरी-पिठलं किंवा वरण-भात हे गरिबाचं असलं तरी कमअस्सल जेवण नाही. त्यावर लिंबू पिळलं तर अन्नातलं लोह अंगी लागतं. जेवणाला लागूनच चहा घेतला तर तेच लोह वाया जातं. यातली एकही वस्तू चैनीची नाही. आता मेसच्या ताटाकडे पाहा. सिलिंडर, तेल, जागेचं भाडं वाढलं आणि महिन्याचा दर वाढवता आला नाही, की आधी आमटी पातळ होते. पोळी आणि भात मात्र ‘अमर्याद’ असतात, कारण सगळ्यात स्वस्त तेच पडतं. मुलगा चार पोळ्या जास्त खाऊन उठतो, पोट भरल्यासारखं वाटतं आणि संध्याकाळी वडापाव लागतोच. त्या वडापावात बटाटा, मैदा आणि तेल. डाळीचं पीठ म्हणाल तर वड्यावरच्या आवरणापुरतं. महिनाअखेर या वडापावांची बेरीज केली तर डाळीवर वाचवलेले पैसे कुठे गेले ते कळतं.

इथे इतिहास मध्ये येतो आणि तो फारसा सुखाचा नाही. पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कुणी माधुकरी मागे. ही सोय होती, पण ती प्रामुख्याने ब्राह्मण मुलांची. बहुजन आणि अस्पृश्य समाजातल्या मुलाला वार कोण देणार? म्हणून शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहांना हात घातला, आणि 1924 मध्ये साताऱ्यात भाऊरावांनी जातीजातींची मुलं एका पंगतीला बसवली. माझा जुना राग आहे तो यानंतरच्या गोष्टींवर. उपाशीपोटी शिकून मोठ्या झालेल्यांची उदाहरणं आपण मुलांना फार कौतुकाने सांगतो. लंडनमध्ये शिकताना डॉ. आंबेडकरांनी रात्रीची भूक पापडांवर भागवल्याचं त्यांच्या चरित्रांत येतं. ते भुकेमुळे मोठे झाले नाहीत, भूक असूनही झाले. तेवढी जिद्द नसलेली किती मुलं त्याच भुकेने शाळा-कॉलेज सोडून गेली, त्यांची चरित्रं कुणी लिहिली नाहीत. लक्ष्मीबाईंना हे कळलं होतं, म्हणून त्यांनी मुलांना धीर धरायला न सांगता दागिने मोडले.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्याने स्वयंपाकात तास का घालवावेत? एकट्याने केला तर तास जातोच. चौघांनी पाळी लावली तर एकेकाच्या वाट्याला चौथा दिवस येतो. कुकरमध्ये खालच्या भांड्यात डाळ, वरच्या भांड्यात तांदूळ, कडेला दोन बटाटे. शिट्ट्या होईपर्यंत कांदा चिरून होतो. मटकी सकाळी भिजत घातली, रात्री पाणी काढून फडक्यात घट्ट बांधली, की दुसऱ्या दिवशी मोड येतात. त्यात माणसाला दहा मिनिटंही द्यावी लागत नाहीत. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: कॉट बेसिसवर खोली देताना घरमालक स्वयंपाकाला परवानगीच देत नाहीत. हे मान्य, आणि म्हणूनच हा प्रश्न एकट्या मुलाच्या शिस्तीचा राहत नाही. चार चुलींना नकार देणाऱ्या घरमालकाला गच्चीवर किंवा तळमजल्यावर एक सामाईक ओटा देता येतो. वसतिगृहाला विद्यार्थ्यांच्या समितीकडे खरेदी सोपवता येते. तिसरा धोका मुलींच्या बाबतीत आहे. एकत्र चूल म्हटली की पोळ्या लाटायचं काम आपसूक त्यांच्याकडे सरकतं. पाळी लिहून भिंतीवर लावली नाही तर ही बचत कुणाच्या तरी मनगटातून वसूल होते. तेवढ्यासाठी चूलच नको म्हणणं मात्र बरोबर नाही. साताऱ्याच्या बोर्डिंगात मुलगेच स्वतःची कामं करत, आणि श्रमाची लाज तिथेच मोडली.

गावाकडून येणारे पैसे मोजके असतात, त्यामागे कुणाची तरी मजुरी किंवा विकलेलं सोयाबीन असतं, म्हणून मुलं जेवणावरच आधी कात्री लावतात. त्यांना ‘नीट जेवत जा’ सांगून काही होणार नाही. ज्यांची मुलं शहरात आहेत त्यांनी पहिल्या फेरीतच धान्य, डाळ आणि शेंगदाणे द्यावेत; कॉलेजांनी ग्रंथालयासारखंच स्वयंपाकघरही आपली जबाबदारी मानावी. आणि मुलांनो, या महिन्यात तिघं-चौघं मिळून एक कुकर घ्या. डाळ पातळ करू नका.