पाण्यावर पाणी

समुद्रापासून दूर राहणाऱ्या माणसाला समुद्राविषयीं बोलण्याचा मोठा सोस असतो. मी त्यांतलाच एक. नंदुरबारच्या एका शाळेंत तीस वर्षें मी विज्ञान शिकवीत आलों. सागराचा धडा आला कीं माझ्या वाणीला भरती येई. गांवाबाहेर मात्र मिरचीच्या लाल पथाऱ्या आणि दूर सातपुड्याची निळी रेघ. लाटेचा आवाज त्या वर्गांत कधीं कोणाच्या कानीं पडला नाहीं. माझ्या वडिलांच्या कानीं तर तो उभ्या जन्मांत पडला नाहीं. सुरतेची गाडी रोज गांवावरून जाते. “पुढच्या दिवाळींत नक्की जाऊं,” असें मी त्यांना दरवर्षीं सांगत आलों, आणि ते दरवर्षीं “बरें” म्हणत आले.

गेल्या भाद्रपदांत ते गेले. प्रकाशाला, तापी-गोमाईच्या संगमावर, आम्ही त्यांच्या अस्थि सोडल्या. तापी दुथडी भरून चालली होती. घरीं परतल्यावर ओट्यावर बसलेल्या आईनें हळूच विचारलें, “काय रे, आतां तरी ते समुद्राला मिळतील ना?”

“मिळतील कीं, आई. नदी समुद्राला मिळाली म्हणजे सारें पाणी एक होतें.”

तिच्या त्या “आतां तरी”नें मला रात्रभर झोप लागूं दिली नाहीं. शिवाय माझ्या उत्तराची लाज वाटली ती वेगळीच. पाण्याला पाणी भेटलें म्हणजे तें लागलीच एक होत नाहीं, हें मुलांना शिकविणारा मीच होतों.

दिवसकार्य आटोपल्यावर एके दुपारीं मीं आईला स्वयंपाकघरांत बसविलें. कांचेच्या पेल्यांत अर्ध्यापर्यंत पाणी घेऊन त्यांत मूठभर मीठ विरघळविलें. दुसऱ्या भांड्यांतल्या गोड्या पाण्यांत लाल शाईचे दोन थेंब टाकले, आणि पळीवरून तें अगदीं सावकाश मिठाच्या पाण्यावर सोडलें. तांबडें पाणी वर तरंगत राहिलें. खालचें जसेंच्या तसें निर्मळ. मग बटाट्याची एक फोड आंत सोडली. ती लाल पाण्यांतून बुडाली आणि मिठाच्या पाण्यावर येऊन मध्येंच थबकली. आई बराच वेळ पाहत होती.

“शेजारीं असून एकमेकांना शिवत नाहींत रे,” ती म्हणाली.

समुद्राचा संसार असाच आहे. त्याच्या एक किलो पाण्यांत सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणून एक लिटर खारें पाणी तेवढ्याच गोड्या पाण्याहून सुमारें २५ ग्रॅम जड भरतें. थंडीनेंहि समुद्राचें पाणी जड होतें. मीठ आणि थंडी या दोघी मिळून जड पाणी खालीं, हलकें वर, अशी उतरंड रचतात. आपला अरबी समुद्र तर मोठीच उतरंड आहे. तेथें ऊन प्रखर, बाष्पीभवन फार. त्यामुळें त्याचें वरचें पाणी किलोमागें ३६ ग्रॅमांपर्यंत खारें. बंगालच्या उपसागराला गंगा-ब्रह्मपुत्रा सारखें गोडें पाणी आणून देतात. तो त्याहून पुष्कळ अळणी. अरबी समुद्राचा पृष्ठभाग २८ अंशांच्या आसपास उबदार, तर तळ २ अंशांजवळ गार. मधल्या थरांत परगांवचे पाहुणे आहेत. इराणच्या आखातांतलें अतिखारें पाणी दोन-तीनशें मीटर खोलीवर, आणि तांबड्या समुद्राचें त्याच्याहि खालीं, पांचशें ते आठशें मीटरांच्या दरम्यान, आपापल्या वजनाची पायरी शोधून पसरलेलें आहे. शेंकडों कोस चालून आलें, तरी त्याच्या मिठावरून त्याचें मूळ गांव ओळखतां येतें.

ही शिस्त ऐकायला सुंदर आहे, पण तिची किंमतहि आहे. खालच्या पाण्याला वर येऊन हवा घेतां येत नाहीं. वरून पडणारे मृत जीव तेथें कुजतात आणि असलेला प्राणवायु संपत जातो. अरबी समुद्रांत सुमारें दीडशें ते हजार मीटरांच्या पट्ट्यांत तो कित्येक ठिकाणीं जवळजवळ उरतच नाहीं. पावसाळ्यांत हें गुदमरलेलें थंड पाणी पश्चिम किनाऱ्यालगत वर चढतें, आणि पावसाचें व नद्यांचें गोडें पाणी त्यावर झांकण घालतें. १९६६ सालीं स्थापन झालेल्या, गोव्यांतील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीं गोव्याच्या किनाऱ्याजवळ हें मोजून पाहिलें आहे.

“म्हणजे नुसतें भेटून उपयोग नाहीं?” आईनें विचारलें.

“नाहीं. घुसळणारा हवा.”

आतां कांहीं लपवायचें नाहीं, असें मीं ठरविलें होतें. तापी थेट समुद्राला जात नाहीं. १९७२ सालीं पुरें झालेलें उकाईचें धरण वाटेंत तिला अडवितें. संथ पाण्यांत जड तें गाळाबरोबर तळाशीं बसतें, विरघळलेलें तेवढें पुढें जातें. समुद्राचें मीठ तरी कोठून आलें? पुष्कळसें नद्यांनींच खडक झिजवून युगानुयुगें नेऊन घातलेलें. सुरतेपुढें, डुमसजवळ, तापी समुद्रांत शिरते. खंभातच्या आखाताची भरती-ओहोटी कित्येक मीटरांची. ती रवीसारखी पाणी घुसळते. पुढें खुल्या समुद्रांत वारा घुसळतो. आणि हिंवाळा आला, तोरणमाळच्या पठारावर हुडहुडी भरूं लागली, कीं त्याच दिवसांत उत्तरेचे कोरडे गार वारे अरबी समुद्राच्या उत्तर भागावरून वाहतात. वरचें पाणी आटून अधिक खारें होतें, गारठून जड होतें आणि खालीं उतरतें. खालचें वर येतें.

“म्हणून अस्थींचा जड भाग उकाईच्या गाळांतच राहिला असेल, आई,” मीं कसेंबसें सांगितलें.

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “राहूं दे. त्यांना घरापासून फार लांब जायला आवडतहि नसे. मीठ तेवढें जाईल ना पुढें?”

“जाईल.”

तिनें पळी उचलली आणि पेला ढवळला. क्षणांत सारें पाणी गुलाबी झालें.

पौषांत मी तिला डुमसला घेऊन गेलों. दोन तिकिटें काढतांना तिसऱ्याची आठवण झाली. ती आतां कायमचीच. किनाऱ्यावर वाळू काळसर, पाणी गढूळ, आणि उत्तरेचा वारा अंगाला झोंबत होता. आई घोट्याइतक्या पाण्यांत उभी राहिली.

“फार गार आहे रे,” ती म्हणाली. “तिकडे लांबवर आतां पाणी खालीं उतरत असेल, नाहीं?”

“होय,” मीं म्हटलें. या वेळीं उत्तर खरें होतें.