बंगळूरची कॉफी

बंगळुरांत कॉफीचीं दुकानें पदोपदीं आढळतात. परंतु त्यांतील चांगलें कोणतें हें ओळखावें कसें? नवीन कॉफीगृहांत शिरतांच आम्हीं प्रथम पुडीवर मळ्याचें नांव व दाणे भाजल्याची तारीख पाहूं लागलों. त्या नांवामागें इतिहास आहे. १९४२ च्या कायद्यान्वयें मळेवाल्यांचें पीक कॉफी बोर्डाच्या एकाच राशींत मिसळे. १९९० नंतरच्या दशकांत तें बंधन सुटलें, आणि चिकमगळूरचा दाणा मळ्याच्या नांवानें बाजारांत येऊं लागला. त्याची खरी चव कळावी म्हणून ही कॉफी दुधावांचून व चिकोरीवांचून घ्यावी. पहिला घोट आंबूस लागतो. तेवढ्यानें पेला दूर सारूं नये. १९४३ पासून चालत आलेल्या विद्यार्थी भवनांतील दुधाळ, फेसाळ कॉफीही आम्हीं आवडीनें घेतली. परंतु घरीं नेण्यास पुडी घेतली ती नांवाचीच. मळेवाल्याच्या कष्टांची ओळख तिच्यावर छापलेली असते.