लॅमिंग्टन रोडचा दुभाषा

रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर्स खाली असतात. शनिवारी जा, अकरानंतर, पाठीला सॅक आणि खिशात लिस्ट घेऊन. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून पाच-सात मिनिटं चाललात की दुकानांच्या काचांमागे केबलची भेंडोळी, ट्रान्सफॉर्मर, सीसीटीव्हीचे डबे दिसायला लागतात. आला लॅमिंग्टन रोड! कागदोपत्री हा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा. १९०३ ते १९०७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर असलेला लॉर्ड लॅमिंग्टन इथून हलायला अजून तयार नाही.

माझ्या लिस्टमध्ये एकच मोठी वस्तू होती: डॅक. म्हणजे डिजिटल टू अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर. तोही आयता नाही, जोडायचा.

कारण बाबांचा अ‍ॅम्प्लिफायर. तोही याच रस्त्यावर जन्मलेला, १९८९ साली. तेव्हा ब्रँडेड सिस्टिम परवडायची नाही, मग लोक इथून ‘असेम्बल्ड’ करून घ्यायचे. कॅबिनेट एका दुकानातून, एसटीके आयसी दुसऱ्यातून, जोडून देणारा तिसराच कोणी. आमचा म्हणजे सनमायकाचा खोका, पुढे लाल-हिरव्या दिव्यांची पट्टी, मागे दोन आरसीए सॉकेट. डेक कधीच गेला, कॅसेटना बुरशी लागली, अ‍ॅम्प मात्र ठणठणीत. यंदा आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. भाड्याच्या वन बीएचकेत काय काय न्यायचं याची यादी झाली आणि अ‍ॅम्पच्या नावापुढे बाबांनी स्वतःच्या हाताने ‘भंगार’ लिहिलं. “त्याला ऐकवायला आता आहेच काय?” हा त्यांचा सवाल. माझ्याकडे तीन आठवडे होते.

रेडीमेड डॅक मिळतात, चांगले मिळतात. पण विकत आणलेला डबा बाबांनी “कशाला खर्च केलास” म्हणून बाजूला ठेवला असता. घरी जोडलेल्या वस्तूला मात्र त्यांना नाही म्हणता येत नाही.

आता हा डॅक करतो काय? फोनमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे. सीडीच्या हिशेबाने डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचं सेकंदाला ४४,१०० वेळा माप घेतलेलं, आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर. अ‍ॅम्पला आणि स्पीकरला आकडे कळत नाहीत. त्यांना वर-खाली होणारं व्होल्टेज लागतं. मधला दुभाषा म्हणजे डॅक. तुमच्या फोनच्या हेडफोनच्या भोकामागेही तोच बसलेला असायचा. भोक गेलं आणि बाबांच्या अ‍ॅम्पची वाटच बंद झाली.

पहिल्या काउंटरवर नेहमीचा प्रश्न, “मॅडम, कॉलेज प्रोजेक्ट?” बँकेत नोकरी करणाऱ्या एकतीस वर्षांच्या बाईला हे कॉम्प्लिमेंट समजावं की काय, हे मी अजून ठरवलेलं नाही. दुसऱ्या काउंटरवर या रस्त्याचा राष्ट्रीय प्रश्न: “ओरिजिनल की चायना?” मी फिलिप्सची टीडीए१५४३ मागत होते. जुन्या सीडी प्लेअरमधली आठ पायांची चिप, हौशी लोकांची लाडकी. तिसऱ्या दुकानात चष्मा कपाळावर ढकललेल्या काकांनी ड्रॉवरमधून ती काढली, माझ्यापुढे ठेवली आणि परत आत टाकली.

“ही बनायची केव्हाच बंद झाली. आता मिळते ती कुठल्या तरी प्लेअरमधून उपटलेली, नाहीतर दुसऱ्याच चिपवर नाव छापलेलं. मी विकतो, पण तुम्ही घेऊ नका.”

ऑनलाइन सगळं चार पैसे स्वस्त पडतं, मान्य. पण हे वाक्य तिथे कुठलं बटण दाबल्यावर ऐकू येतं, मला सांगा.

काकांनी त्याऐवजी दिलं पीसीएम५१०२ए चिपचं तयार मॉड्यूल. अंगठ्याएवढं. नुसत्या चिपला वीस पाय आणि दोन पायांमधलं अंतर ०.६५ मिलिमीटर, तिथे हाताने डाग देणं म्हणजे सुईच्या नेढ्यात दोरखंड. शुद्धतावादी म्हणतील, हे कसलं डीआयवाय? म्हणोत. चिप मोठी गुणी आहे. तिचा आउटपुट शून्याच्या वर-खाली सारखाच झुलतो, त्यामुळे वाटेत डीसी अडवायला कपॅसिटर लागत नाही. २.१ व्होल्ट सरळ अ‍ॅम्पच्या पाठीत. काकांनी बोर्ड उलटं करून नखाने मागचे पॅड दाखवले. “हा एक्सएसएमटी हायवर आहे ना बघा, नाहीतर चिप मुकी राहते. आणि पुढचा एससीके ग्राउंडला जोडा, म्हणजे घड्याळ ती स्वतःचं स्वतः बनवते.”

पुढची खरेदी भराभर. रास्पबेरी पाय झीरो, ज्याला ऑडिओचं सॉकेटच नसतं. मीटरवर मोजून मिळणारी शिल्डेड केबल, पितळी आरसीए प्लग, पंचवीस वॉटचा सोल्ड्रॉन. चहा पिताना आठवलं, याच रस्त्यावरच्या मिनर्व्हात ‘शोले’ १९७५ पासून पाच वर्षं चालला, ७० एमएम आणि स्टिरिओफोनिक आवाजात. म्हणजे आवाजासाठी लोक इथे आधीपासूनच येतायत!

जोडणी झाली डायनिंग टेबलवर, पॅक केलेल्या खोक्यांच्या मधोमध. पाच वायरी. पाच व्होल्ट, ग्राउंड, आणि आकड्यांच्या तीन: पायच्या बाराव्या पिनवरून बिटचा ठेका, पस्तिसाव्यावरून डावं-उजवं, चाळिसाव्यावरून खुद्द गाणं. कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ. बोर्ड अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरपासून जमेल तितकं लांब ठेवलं, केबल आखूड. ‘घूं’ करणारी निम्मी भुतं त्यानेच पळतात.

बाबा पेपरामागून बघत होते. तिसऱ्या डागाला पेपर खाली आला. पाचव्याला “टोक साफ कर आधी” अशी सूचना आली आणि सोल्डरिंग आयर्न माझ्या हातातून गेलं. शेवटचे दोन प्लग त्यांनीच केले.

मेमरी कार्डवर कुमार गंधर्व होते. लाल-हिरवे दिवे हलायला लागले. बाबांनी बास थोडा कमी केला, ट्रेबल वाढवला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “डावा स्पीकर जरा कमी येतोय.”

“तो १९९४ पासून कमीच येतो,” आई आतून म्हणाली.

बाबांनी बॅलन्सचं बटण किंचित डावीकडे फिरवलं, यादी पुढ्यात ओढली आणि पेनचं टोपण काढलं.