राहुटींतला पाऊस

आपल्याकडे पावसाळा हा घरीं बसण्याचा ऋतु मानला आहे. यतींनीं चातुर्मासांत एका ठिकाणीं राहावें, बौद्ध भिक्षूंनीं वर्षावास करावा, राजांनीं विजयादशमीपर्यंत मोहीम काढूं नये, हा सर्व क्रम आपल्या पूर्वजांनीं आकाशाकडे पाहूनच बसविलेला दिसतो. अमरकोशांत कापडाच्या घरास ‘दूष्य’ असें नांव आहे. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘दोष देण्याजोगें’ असा होतो. ज्यानें आषाढांतील एक रात्र कापडाच्या घरांत काढली आहे, त्याला हा केवळ योगायोग वाटणार नाहीं.

आमच्या शाळेच्या शिबिरांत जाड सुती कापडाच्या राहुट्या असत. एक गुंडाळी उचलावयास चार मुलगे लागत, भिजल्यावर सहा. परंतु त्या कापडांत एक गुण होता. पाणी लागलें कीं सूत फुगे, विणीचीं छिद्रें मिटत आणि आंतला मनुष्य कोरडा राही. मात्र कोणीं आंतून बोट टेकलें कीं नेमकी त्या जागीं ठिबक सुरू होई. ‘कापडास हात लावूं नका’ हें वाक्य मीं शिबिरांत जितक्या वेळां उच्चारलें, तितक्या वेळां वर्गांत ‘शांत बसा’ म्हटलें नसेन. हल्लींचे डोंगरयात्री पाठीवरून नेतात ती राहुटी निराळ्याच जातीची आहे. नायलॉन किंवा पॉलिएस्टर यांचें तलम कापड, त्यावर सिलिकोनचा वा पॉलियुरेथेनचा लेप, ॲल्युमिनियमच्या पोकळ काठ्या, आणि दोन माणसांच्या या सर्व सरंजामाचें वजन दीड-दोन किलो! आमच्या देवघरांतलें गंगेचें तांब्याचें भांडें भरलें म्हणजे त्याहून जड होतें.

आमच्या थोरल्या बंधूंची कन्या अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत शिकते. तिनें अशी एक राहुटी विकत आणली आणि श्रावणांत मैत्रिणींबरोबर घाटमाथ्यावर तीन रात्री राहण्याची अनुज्ञा मागितली. घरांत माणसें चौदा. मतें त्याहून अधिक पडलीं. वहिनींनीं फक्त दोन नांवें घेतलीं : माळीण आणि इर्शाळवाडी. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळून दीडशेंच्या वर माणसें गाडलीं गेलीं; १९ जुलै २०२३ च्या रात्रीं रायगड जिल्ह्यांत इर्शाळवाडीवर तशीच दरड आली. जेथें नांदतीं घरें गेलीं तेथें कापडाची काय कथा, हा त्यांचा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. शेवटीं असें ठरलें कीं, मीं पोरीबरोबर एक रात्र प्रत्यक्ष राहून पाहावें आणि मग काय तें सांगावें. धाकटा पुतण्या सोबतीस निघाला. त्यानें मित्राकडून दुसरी एक राहुटी उसनी आणली. ती माझ्या वांट्यास आली.

निघण्यापूर्वीं दोन दिवस आमच्या माजघरांत राहुटी पसरलेली होती. कापड कितीहि घट्ट असलें तरी शिवणीसाठीं सुईनें पाडलेलें छिद्र तें छिद्रच. पुष्कळ राहुट्यांच्या शिवणींवर कारखान्यांतच आंतून पट्टी चिकटविलेली असते. पण दोन्ही अंगांनीं सिलिकोन दिलेल्या कापडावर ती पट्टी धरत नाहीं, म्हणून शिवणीवर सिलिकोनचा पातळ लेप हातानें द्यावा लागतो. पुतणी लहानशा कुंचल्यानें एकेक शिवण रंगवीत बसली होती. तें काम पाहून आमच्या आत्याबाईंना, ओल्या पापडांवरून कोणी जाऊं नये म्हणून त्या स्वतः राखण बसत, त्या दिवसांची आठवण झाली आणि त्यांनीं आपण होऊन पहारा पत्करला.

कापडाचा जलरोध मिलिमीटरांत सांगतात, त्याचाहि अर्थ तिनें मला सांगितला. ताणलेल्या कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करावयाचा आणि तो किती उंच झाला असतां पाणी पाझरूं लागतें तें मोजावयाचें. वरच्या छतास दीड हजार मिलिमीटरहि चालून जातात. तळास अधिक हवे, कारण चिखलावर गुडघा टेकला म्हणजे त्या बोटभर जागेवर शरीराचा सारा भार पडतो. पावसाच्या थेंबाला एवढा जोर नसतो. माझ्या मतें गुडघ्याची ही गोष्ट विकणाऱ्यानें गिऱ्हाइकास आधीं सांगितली पाहिजे.

संगमनेर, अकोलें, राजूर करीत आम्ही शेंडीस पोंचलों. येथें प्रवरेवरचें भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. त्याच्या जलाशयाच्या कडेकडेनें रस्ता रतनवाडीस जातो. प्रवरेचा उगम रतनगडाच्याच अंगावरचा, आणि पायथ्याशीं अमृतेश्वराचें प्राचीन, कोरीव शिखराचें देऊळ. पुण्यास वर्षाकाठीं सुमारें सातशें मिलिमीटर पाऊस पडतो, तर या टोंकास चार-पांच हजारांचें नवल नाहीं. आम्ही उतरलों तेव्हां गड दिसतच नव्हता. ढगांतून अकस्मात् एखादी पांढरी धार लोंबतांना दिसे, तेवढीच डोंगराची खूण. देवळाच्या दगडांवरून पाणी इतक्या शिस्तीनें वाहून जात होतें कीं, हजारएक वर्षांपूर्वींच्या त्या स्थपतीस प्रथम नमस्कार करावा असें वाटलें.

भोंवतालचें रान कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांतलें; तेव्हां वाटेल तेथें मेखा ठोकणें योग्य नव्हे. एका शेतकऱ्याच्या अनुमतीनें त्याच्याच जमिनींत मुक्काम ठरला. पुतण्यास ओहोळाकांठचें मऊ, सपाट गवत फार आवडलें. बहीण म्हणाली, “सपाट आहे तें पाण्यानेंच केलें आहे.” गवताचीं पातीं सर्व एकाच दिशेस निजलेलीं तिनें त्याला दाखविलीं. मग तिनें आंब्याखालची जागा नाकारली, कारण पाऊस थांबल्यावरहि झाड घटकाभर ठिबकत राहतें आणि वाऱ्यांत वाळकी फांदी केव्हां येईल याचा नेम नसतो. डोंगराच्या कुशीचा भाग तर तिनें पाहिलाहि नाहीं, उलट घरच्या म्हाताऱ्याला विचारलें, “बाबा, या अंगाला कधीं माती सरकली आहे का?” म्हातारा तिच्याकडे क्षणभर पाहत राहिला. “त्या घळीखालीं कोनी ऱ्हात न्हाई, पोरी,” तो म्हणाला, आणि स्वतः चालत जाऊन त्यानें भाताच्या खाचरांपासून उंचावरचें आपलें खळें दाखविलें. सुगीपर्यंत तें रिकामेंच असतें. वहिनींस सांगावयाचें निम्मे उत्तर मला तेथेंच मिळालें.

आतां उभारणीची अडचण. पुष्कळ राहुट्यांत आधीं जाळीदार आंतली खोली उभी करावी लागते आणि मग वरचें छत चढवितात. धो-धो पावसांत तेवढ्या अवधींत आंतली खोली म्हणजे न्हाणीघर होतें. पुतणीनें शेतकऱ्याच्या पडवींतच दोन्ही काठ्या फुलीसारख्या वांकवून राहुटी छतासह उभी केली आणि मग तिघांनीं ती पालखीसारखी उचलून खळ्यावर नेली. गांवचीं मुलें मागें धांवत होतीं. एकानें ‘ज्ञानोबा तुकाराम’ सुरू केलें. आषाढच होता, तेव्हां त्यांत कांहीं अनुचित झालें असें मला वाटलें नाहीं. मेखा मात्र त्या ओल्या मातींत लोण्यांत सुरी जावी तशा जात, आणि तशाच निघत. त्यांच्यावर एकेक जड दगड ठेवावा लागला. तळास घातलेला कापडाचा तुकडा छताच्या कडेबाहेर डोकावतां कामा नये, नाहीं तर छतावरचें सगळें पाणी तोच झेलून अंथरुणाखालीं आणून पोंचवितो.

पुतण्याला राहुटींतच स्टोव्ह पेटवून चहा करावयाचा होता. येथें मीं मास्तरकी वापरली. बंद कापडांत ज्योत पेटविली म्हणजे आगीचें भय तर असतेंच, पण कार्बन मोनॉक्साइड हा वायु त्याहून कपटी. त्यास ना वास ना रंग, आणि निजलेला मनुष्य जागाहि होत नाहीं. आम्ही शेतकऱ्याच्या चुलीपाशीं बसून नाचणीची भाकरी खाल्ली. त्या घरची सून लावणीहून परतली होती. तिचें इरलें भिंतीस उभें होतें. बांबूच्या कामट्यांची दुहेरी जाळी, मध्यें पानें, डोक्यापासून पाठीवर उतरणारें तें उलट्या होडीसारखें छप्पर! लावणीस वांकलेल्या मनुष्याचेच माप घेऊन तें केलेलें असतें. आतां बहुतेक ठिकाणीं प्लास्टिकचा कागद आला आहे.

रात्रीं दहाच्या सुमारास घाटाकडून वारा सुटला. नायलॉन पाणी पितें आणि भिजल्यावर सैल पडतें. पॉलिएस्टर सहसा पडत नाहीं. पुतणीनें निजण्यापूर्वीं सर्व दोऱ्या पुन्हां ताणल्या होत्या, तरी माझ्या छताला मध्यरात्रीं पोट सुटलें आणि तें फडफडूं लागलें. कापडावरचा पाऊस बाहेरून ऐकणें वेगळें आणि कानापासून वीतभर अंतरावर ऐकणें वेगळें; मला पाठ असलेलीं सारीं स्तोत्रें संपलीं तरी तो संपेना. दोनच्या सुमारास बाहेर दिवा हलतांना दिसला. पोर रेनकोट घालून एकटीच फिरत होती. तिनें उखडलेली एक मेख पुन्हां बसविली, माझ्या दोऱ्या ताणल्या आणि हांक मारली, “काका, जागे आहांत ना? जरा बाहेर पाहा.” तिनें दिव्याचा झोत खालीं टाकला. सायंकाळच्या त्या मऊ गवतावरून मांडीभर पाणी काळ्या वेगानें चाललें होतें. पुतण्यानें तोंड बाहेर काढून तें पाहिलें आणि कांहीं न बोलतां आंत घेतलें.

सकाळीं माझी पथारी ओली होती, आणि राहुटी मात्र कोठेंहि गळली नव्हती! मनुष्य रात्रभरांत श्वासावाटे व घामावाटे पाव लिटरच्या आसपास पाणी हवेंत सोडतो. माझी राहुटी एकाच पदराची. ती वाफ थंड कापडास लागून तिचें दंव झालें आणि वाऱ्याच्या प्रत्येक फटक्यासरशीं अंगावर गळालें. पुतणीची दुहेरी, दंव बाहेरच्या छतास धरलें, त्याच्या आंतल्या अंगानें ओघळून जमिनींत गेलें आणि आंतल्या जाळीनें तिला जवळजवळ कोरडें ठेविलें. शिवाय पाऊस असूनहि तिनें झरोके उघडेच ठेविले होते. अननुभवी मनुष्य पावसाला भिऊन सर्व फटी बंद करतो आणि स्वतःच्याच श्वासानें भिजतो. इरल्यास हा रोग मुळींच नाहीं, कारण त्याची पुढची बाजू सताड उघडी! त्या दमट हवेंत दंव अजीबात टाळतां येईल, असें सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाहीं. दुहेरी राहुटी घ्यावी, कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवींत बांधून फक्त निजण्यासाठीं राखावा, आणि सकाळीं पुन्हां ओलेच कपडे चढवावे. हें शेवटचें फार कठीण असतें.

परत येतांना राहुट्यांचें ओझें वाढलें होतें, इतकें पाणी त्यांनीं बरोबर घेतलें. घरीं आल्यावर त्या तशाच गुंडाळून ठेवल्या असत्या तर बुरशी आली असती. पॉलियुरेथेनचा लेप तर दीर्घकाळ ओलाव्यानें चिकट होऊन सुटूं लागतो आणि त्याला एक आंबूस घाण येते. चार दिवस आमच्या गॅलरींत चौदा माणसांच्या धुण्याबरोबर दोन राहुट्या वाळत होत्या आणि त्यांवरून घरांत जे शब्द झाले ते येथें देत नाहीं.

वहिनींस मीं गवताची, घळीची आणि रात्रीं दोनच्या दिव्याची हकीकत सांगितली. त्यांनीं ती दोनदां सांगावयास लावली. मग त्या पुतणीस म्हणाल्या, “जा, पण जेथें उतराल तेथें आधीं गांवच्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचें, आणि तो नको म्हणाला तर परत यायचें, मैत्रिणी कांहींहि म्हणोत.” पोरीनें तें कबूल केलें. श्रावणांत ती तीन रात्रींसाठीं गेली आणि दुसऱ्या दिवशीं सायंकाळींच परत आली. तेथल्या म्हाताऱ्यानें नको म्हटलें होतें. वहिनींनीं तिच्यासाठीं पाणी तापत ठेविलें आणि ओली राहुटी स्वतः नेऊन दोरीवर टाकली.